घरी कळवू का?

आमच्या घरात जपानी वस्तू येत नसे. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजी होती तोवर तो तिथे होता, आणि लग्न होऊन मी अमेरिकेत ईडन प्रेरीला आले तेव्हा तो माझ्या सामानातून इथे आला. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दर दुसरी गाडी जपानी. नवऱ्याचं म्हणणं, आपणही तीच घेऊ. मी म्हटलं, खुशाल घे, पण मी तिच्यात बसणार नाही. त्याला वाटलं मी गंमत करतेय. शेवटी त्याने कुठलीशी जुनी अमेरिकन गाडी घेतली आणि ती मिनेसोटाच्या पहिल्याच हिवाळ्यात तीनदा बंद पडली. तिसऱ्या वेळी रस्त्याच्या कडेला बर्फात उभा राहून तो म्हणाला, "यार, साठ वर्षं झाली त्या वॉरला. लेट इट गो ना." माझे दात थंडीने वाजत होते, पण माघार घेणाऱ्यांतली मी नव्हे.

कारण होते माझे आजोबा. ते फौजेत शिपाई होते. परदेशी निघाले तेव्हा आत्या चार वर्षांची होती आणि माझे वडील आजीच्या पोटात. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांनी आजोबांना पकडलं आणि बोटीत घालून न्यू गिनीकडे हमाली करायला नेलं. घरी तार आली ती 'बेपत्ता' एवढीच. लढाई संपल्यावर त्यांच्या तुकडीतला एक जण हाडांचा सापळा होऊन परत आला. त्याने सांगितलं, एका नदीच्या मुखाशी विमानांसाठी धावपट्टी बांधायच्या कामावर दोघं बरोबर होते, पुढे टोळ्या फुटल्या आणि आजोबा दिसले नाहीत. आजोबांच्या उजव्या हातावर मारुती गोंदलेला होता. दंड फुगवून ते त्या मारुतीला उडी मारायला लावायचे. आपल्या वडिलांची आठवण म्हणून आत्याकडे एवढंच शिल्लक आहे.

मेले म्हणून तार आली असती तर आजी रडून मोकळी झाली असती. बेपत्ता म्हटल्यावर तिने कुंकू पुसलं नाही. मंगळसूत्र काढलं नाही. गावातल्या निम्म्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या, निम्म्या टाळायच्या. एका लग्नात तिने नवरीची ओटी भरायला ताट उचललं, तर कुणीतरी ते हातातून काढून घेत म्हणाली, "तुमचं असू द्या." हे मी स्वतः पाहिलं, सात-आठ वर्षांची असताना. आजी घरी आली आणि न जेवता निजली. ती दर संकष्टीला नवरा परत यावा म्हणून उपास करायची आणि चंद्र उगवल्यावर एका ताटात दोघांचं वाढून घ्यायची. शिवाय रोज संध्याकाळी दिवा लावला की आमची 'शुभं करोति' व्हायची आणि त्याला जोडूनच आजी म्हणायची, "जपान्याचं तळपट होऊ दे." आम्ही पोरं हात जोडून तिच्यामागे तेही म्हणायचो. मला बरीच वर्षं वाटे की तो त्या श्लोकाचाच भाग आहे.

आजी गेली तेव्हा आत्याने तिला मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. सवाष्ण म्हणून तिला पोचवलं. नंतर आत्याने आजीची संकष्टी आपल्याकडे घेतली. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर होते. सगळं शिस्तीत करणारा माणूस, पण स्वतःच्या वडिलांचं श्राद्ध त्यांनी कधी केलं नव्हतं. आजी असेपर्यंत तो विषयच काढता येत नसे. ती गेल्यावर त्यांना साठी लागली आणि तो विषय त्यांना खाऊ लागला. गुरुजी म्हणाले, तिथी माहीत नसली तर सर्वपित्रीला करा. अण्णांना ते पटेना. "त्या गर्दीत नको," ते म्हणायचे. "त्यांची अशी एक तिथी मिळाली असती तर मी आयुष्यात एकदा तरी त्यांना पाणी दिलं असतं."

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले, येताना पंचांग घेऊन.

मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते. पुण्यात चांगली प्रोग्रामर होते, इथे कायद्याने काम करायला बंदी. म्हणून दर मंगळवारी लायब्ररीत म्हाताऱ्या लोकांना कॉम्प्युटर शिकवायला फुकट जायचे. ईमेल कसं पाठवायचं, नातवाचा फोटो कसा उघडायचा, असलं काहीबाही. एका मंगळवारी नवीन गृहस्थ आले. ऐंशीच्या पुढचे, ताठ, हातात कापडात गुंडाळलेली वही. चेहरा पाहिला आणि मी त्यांना सगळ्यात लांबच्या कॉम्प्युटरवर बसवलं. आजीचा श्लोक माझ्या ओठांवर आला होता, खोटं कशाला सांगू?

पण ते जपानी नव्हते. आईबाप जपानहून आलेले, स्वतः जन्मले कॅलिफोर्नियात. लढाई सुरू झाल्यावर सरकारने त्यांच्या आईबापाला तारेच्या कुंपणात नेऊन ठेवलं आणि त्यांना मात्र जपानी येतं म्हणून फौजेत घेतलं. इथे मिनेसोटातच फौजेची जपानी शिकवायची शाळा होती. तिथून त्यांना न्यू गिनीला पाठवलं. काम काय, तर पकडलेल्या जपानी सैनिकांच्या जबान्या घेऊन त्यांच्याकडून माहिती काढायची. लढाईनंतर ते मिनेसोटात परतले, लग्न केलं, रोपवाटिका चालवली. वहीत त्या कैद्यांची टिपणं होती. नातवंडांसाठी ती इंग्रजीत टाइप करायची होती आणि त्यांची बोटं आता वळत नव्हती.

न्यू गिनी म्हटल्यावर माझी खुर्ची त्यांच्या शेजारी गेली. त्या दिवसापासून ते वाचायचे, इंग्रजी करून सांगायचे, मी टाइप करायचे. मी त्यांना सर म्हणत असे.

"कसं बोलतं करायचात?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. "मारून?" माझ्या आवाजातली हौस लपली नसणार.

ते हसले. "पाणी द्यायचं. जखम बांधायची. सिगरेट द्यायची. मग विचारायचं, आई काय रांधायची."

मला इतका राग आला की मी टाइप करायची थांबले. आमच्या माणसांना यांनी उपाशी ठेवून मारलं आणि यांच्या माणसांना सिगरेटी! सरांनी शांतपणे समजावलं. पकडलं गेल्यावर काय बोलायचं नाही हे जपानी शिपायाला कुणी शिकवलेलंच नसे, कारण जिवंत पकडलं जायचंच नाही अशी त्यांच्यात रीत. म्हणून चांगलं वागवलं की तो विरघळायचा. आणि जे हवं असेल ते कधी विचारायचं नाही, त्याच्या आजूबाजूचं विचारत राहायचं. तरीही एखादा अडलाच, तर शेवटी एक प्रश्न असे.

"कुठला?"

"घरी कळवू का?"

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, आपला मुलगा शत्रूच्या हातात जिवंत सापडला हे गावात कळलं तर घरच्यांना तोंड दाखवायला जागा उरत नसे. मेला असं समजून घरच्यांनी त्याचं सुतक पाळलेलं बरं. म्हणून हा प्रश्न अगदी मायेने विचारायचा. तुमची आई काळजीत असेल, घरी कळवू का? भलेभले हात जोडायचे, काहीही विचारा पण कळवू नका म्हणून. वहीत प्रत्येक कैद्यापुढे शेवटच्या रकान्यात एक खूण होती. कळवा म्हणणाऱ्यापुढे गोल, नको म्हणणाऱ्यापुढे फुली. पानंच्या पानं फुल्या.

तो प्रश्न मला फार आवडला. आमच्या घरी ज्या एका निरोपाची वाट बघण्यात एका बाईचा जन्म गेला, तोच निरोप त्यांच्या घरी जाऊ नये म्हणून हे लोक हातापाया पडत होते. सर जपानीत ते वाक्य कसं म्हणायचे ते मी त्यांच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेतलं आणि पाठ केलं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सर एक पान वाचत होते. कैदी पहारेकरी होता. नदीच्या मुखाशी धावपट्टीवर राबणाऱ्या हिंदी कैद्यांवर त्याचा पहारा. बरेच मेले म्हणतो. तारखा सांगता येत नाहीत. मग सर जरा हसून म्हणाले, "मी काय काय टिपून ठेवायचो बघ. म्हणतो, त्यातल्या एकाच्या हातावर माकड होतं. तो माकडाला उडी मारायला लावायचा, म्हणून आम्ही त्याला माकडच म्हणायचो."

माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. माकड! शनिवारी आजी ज्याला तेल घालायची, त्याला हे माकड म्हणाले आणि ज्याच्या हातावर तो होता त्यालाही. मी उठून बाहेर गेले आणि लायब्ररीच्या दारात बराच वेळ उभी राहिले. परत येऊन सरांना सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली. त्या पानाचा शेवटचा रकाना माझ्याकडून टाइप करायचा राहिला.

"तो जिवंत आहे?" मी विचारलं.

सर गप्प राहिले. म्हणजे होता.

सरळ विचारून ते सांगणार नव्हते. म्हणून मी त्यांचीच विद्या त्यांच्यावर चालवली. पुढचे तीन मंगळवार मी त्या पहारेकऱ्याचं नावही काढलं नाही. पुरणपोळ्या केल्या, डब्यात तूप वेगळं घेऊन गेले. त्यांच्या गेलेल्या बायकोबद्दल विचारलं. कुंपणात राहिलेल्या त्यांच्या आईबद्दल विचारलं, ती तिथे काय रांधायची तेही विचारलं. त्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला, खरं सांगते, समाधान वाटलं. तिसऱ्या मंगळवारी पोळी खाता खाता ते स्वतःहून म्हणाले, "तो दर नव्या वर्षाला मला कार्ड पाठवतो. लढाई संपल्यावर सगळ्यांबरोबर शरण आलो असं त्याने घरी सांगितलंय. गावात मान आहे, शाळेतल्या मुलांना लढाईच्या गोष्टी सांगतो. आधीच पकडला गेला होता आणि आपल्या लोकांचा ठावठिकाणा त्याने मला सांगितला, हे तिथे कुणालाही माहीत नाही. मी त्याला शब्द दिला होता." मग डबा बंद करून माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तू चांगली शिकलीस."

अण्णांना मी एवढंच सांगितलं की एक माणूस सापडलाय, त्याला तारीख विचारायची आहे. त्यांनी आंघोळ करून पंचांग टेबलावर काढून ठेवलं.

सरांनी त्याला फोन लावायचं कबूल केलं होतं, म्हणून रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. तिकडे तेव्हा सोमवारची सकाळ. सरांनी स्पीकर लावून फोन फिरवला. मला बजावलं होतं, मधे बोलायचं नाही, विचारायचं ते मी माझ्या पद्धतीने विचारीन. पलीकडून म्हाताऱ्याचा आनंदाने चिरकलेला आवाज आला. दोघं हसले. सर मला अधूनमधून कागदावर लिहून दाखवत होते. गुडघे दुखतात. झाडाला फळं लागलीत. नातीचं लग्न ठरतंय. याला गुडघे आहेत, झाड आहे, नात आहे! पंधरा मिनिटांनी सरांनी आडवळणाने हिंदी कैद्यांचं काढलं. हातावर माकड असलेल्या माणसाचं काढलं. आवाज बदलला. सरांनी कागदावर लिहिलं: आठवत नाही म्हणतो. पुन्हा विचारलं. आठवत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पलीकडचा माणूस निरोप घ्यायच्या सुरात बोलू लागला.

मी फोनवर वाकले आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. घरी कळवू का?

उच्चार कसे झाले असतील ते असोत, ते त्याला कळलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळख होती. मग पलीकडचा बोलू लागला आणि खूप वेळ बोलत राहिला. सरांनी लिहिणं थांबवलं आणि एकेक वाक्य मला हळू आवाजात सांगू लागले.

आमच्यात शरदातल्या पौर्णिमेला चंद्रासमोर बसायची पद्धत आहे, तो म्हणाला. चव्वेचाळीस सालच्या त्या रात्री खायला काही नसताना आम्ही पहारेकऱ्यांनी पानावर दोन उकडलेल्या अळकुड्या ठेवून चंद्राला दाखवल्या होत्या. त्यानंतर चौथा दिवस. संध्याकाळी माकडवाला पहारेकऱ्यांच्या वाफ्यातल्या अळकुड्या खणताना सापडला. दोनच निघाल्या होत्या. मी बंदुकीच्या दस्त्याने मारलं. डोक्यात. तो लगेच मेला नाही. अंधारात पडून तळहातावर बोटाने लिहिल्यासारखं करत होता आणि म्हणत होता, घर, घर. तो शब्द आम्हांला माहीत झाला होता, सगळेच तो म्हणायचे. घरी कळवा म्हणत होता. मला समजलं होतं. मी उजेडासाठी चंद्राची वाट बघत बसलो. चंद्र वर आला तेव्हा तो गेलेला होता.

सरांनी कागद उलटा ठेवला. "हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "साठ वर्षं मला कार्डं पाठवली."

पलीकडून एक छोटं वाक्य आलं. सरांनी फोनवर हात ठेवला. "विचारतोय, घरी कळवणार नाही ना?"

"सांगा नाही म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी ते सांगितलं. मी त्याच वेळी मनातल्या मनात पत्राचं पहिलं वाक्य जुळवत होते.

घरी आले तेव्हा अण्णा टेबलाशीच बसले होते. मी त्यांना काहीही न गाळता सगळं सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पौर्णिमा कुठली, नक्की विचारलंस?" बाकी काहीही नाही. मी इंटरनेटवर चव्वेचाळीस सालच्या पौर्णिमा काढून दिल्या आणि ते पाटीवर गणित करावं तसे कागदावर आकडे मांडत बसले.

सोमवारी सकाळी मी पत्र लिहिलं. कार्डांवरचा पत्ता मी सरांच्या फ्रीजवरून आधीच उतरवून घेतला होता. टाइप केलेल्या प्रतीला मूळ पानं जोडायची म्हणून वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स, सरांच्या जपानी अक्षरात, फुलीसकट, माझ्याकडे होतीच. पत्र साध्या इंग्रजीत लिहिलं, शाळेतल्या पोरालाही वाचता येईल असं. तुमच्या घरातले आजोबा लढाई संपायच्या कितीतरी आधी जिवंत पकडले गेले. भात आणि सिगरेट घेऊन त्यांनी आपल्या माणसांची जागा सांगितली. त्याआधी त्यांनी माझ्या आजोबांना दोन अळकुड्यांसाठी मारलं. सोबत पुरावा जोडला आहे. खाली सही. कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीत पाकीट टाकताना मला आजीची आठवण आली आणि मी मोठ्याने म्हटलं, जपान्याचं तळपट होऊ दे. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने हसून मला गुड मॉर्निंग केलं.

पेटी उघडायची वेळ तिच्यावर लिहिलेली असते. संध्याकाळचे पाच.

दुपारी मी वर आले तेव्हा अण्णांचा चेहरा वेगळाच दिसत होता. "त्या वर्षी त्यांची ती चंद्राची रात्र आणि आपली कोजागिरी एकच होती," ते म्हणाले. "तिथून चौथा दिवस. आश्विन वद्य चतुर्थी."

मी ते लिहून घ्यायला पेन शोधू लागले.

"संकष्टी गं," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी आईचा उपास होता. तिकडे चंद्र आपल्या आधी उगवतो. म्हणजे तिने दोघांचं ताट वाढून घेतलं तेव्हा ते जाऊन काही तास झाले होते." आणि मग हा माणूस, ज्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, तो तोंडावर पंचा धरून रडला. मीही रडले. रडताना मला पत्राचा विचार येत होता आणि बरं वाटत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी तोंड धुतलं. म्हणाले, भारतात गेलो की वाईला नदीवर जाऊन श्राद्ध करीन, बाजाराला जातो म्हणून सांगून निघेन. मी म्हटलं, बाजाराला कशाला? सरळ सांगून जा.

"नाही बाळ." त्यांनी माझा हात धरला. "माझं एवढं ऐक. घरी कळवू नकोस. तुझ्या आत्याला तर नाहीच नाही. आई आयुष्यभर कुंकू लावून हिंडली. लोक काय काय बोलले ते मला ठाऊक आहे. शेवटी तिला हिरव्या लुगड्यात पोचवली. आता हे गावात कळलं तर म्हणतील, बघा, विधवाच होती आणि आमच्या लेकीसुनांच्या ओट्या भरत होती. ताईच्या हाताने तिला मळवट भरलाय, ती जगेल का? तुझ्या पाया पडतो. घरी कळवू नकोस."

अगदी तेच शब्द. मी म्हटलं, "नाही कळवणार, अण्णा." ते माझ्या पाया पडायला खरंच वाकले होते. मी त्यांना धरून उभं केलं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. पेटी पाचला उघडणार होती. खाली जाऊन पेटीशी उभं राहायचं, पोस्टमन आला की हातापाया पडून पाकीट परत मागायचं, एवढं करता आलं असतं. दिलं नसतं कदाचित, पण मागता आलं असतं. मी चहा टाकला. अण्णांना दिला, मी घेतला, कप विसळून ठेवले. पाच वाजता खिडकीतून पोस्टाची गाडी आलेली दिसली आणि गेलेली दिसली.

अण्णा दिवाळीआधी परत गेले आणि त्या वर्षीच्या आश्विनातल्या संकष्टीला बाजाराला म्हणून वाईला जाऊन आले.

जानेवारीत सर लायब्ररीत आले तेव्हा त्यांनी कोट काढला नाही. "या वर्षी कार्ड आलं नाही," ते म्हणाले. मी काही बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माणसाच्या गप्प बसण्यातून काय काढायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"घरी कळवलंस?"

"हो."

त्यांनी वही उघडून ते पान काढलं. माझ्या फाइलमध्ये त्या पानाचा शेवटचा रकाना कोराच होता. "इथे फुली होती," ते म्हणाले. "आता गोल टाक." मी गोल टाकला. त्यांनी वही कापडात गुंडाळली, नीट गाठ मारली. "शब्द मी दिला होता," ते म्हणाले, "तू नव्हे." त्यानंतर ते आले नाहीत. वहीची शेवटची वीस-पंचवीस पानं टाइप व्हायची राहून गेली. त्यांना फोन करायचं धाडस मला झालं नाही, आणि त्यांचं मला आजही वाईट वाटतं.

त्या दुसऱ्याचं वाटत नाही. त्याच्या घरी पाकीट कुणी फोडलं, नातीचं लग्न झालं की मोडलं, शाळेत तो पुन्हा गेला का, मला माहीत नाही. रात्र रात्र जागून मी त्याची कल्पना करत नाही, पण करते तेव्हा सुखाने करते. लोक म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही. मला मिळालं.

फक्त दर संकष्टीला आत्याचा फोन येतो. तिच्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ असते, माझ्याकडे चंद्र उगवायची वेळ. ती सत्तरीला आली आहे. वडील आता परत येणार नाहीत हे तिलाही कळतं, पण आईने सोपवलेला उपास ती सोडत नाही. दोघांचं ताट अजून वाढते.

"दिसला का गं तिकडं चंद्र?" ती विचारते.

"दिसला."

आणि मग दर वेळी तेच, "तिकडं म्हणं कॉम्प्युटरवर समदं कळतं. आमच्या आबांचं काय कळलं का गं कुठं?"

"नाही आत्या," मी म्हणते. "काही कळलं नाही."